पहिले अकेडियन प्रीमियर रोबिशो नव्हेत

कॅनडातील फ्रेंचभाषक अकेडियन समाजातून प्रीमियरपदी (आपल्याकडचे मुख्यमंत्रिपद म्हणा) पोहोचलेले पहिले नेते म्हणून न्यू ब्रन्सविक प्रांताच्या लुई रोबिशो यांचे नाव सर्रास घेतले जाते. ते चूक आहे. वकिली करून राजकारणात आलेले ओबँ-एदमाँ आर्सेनो १९१७ मध्येच प्रिन्स एडवर्ड आयलंडचे प्रीमियर झाले होते आणि खुद्द न्यू ब्रन्सविकमध्येही १९२३ मध्ये पीटर व्हेनिओ त्या खुर्चीवर बसले होते. घोटाळा होतो तो यामुळे, की हे दोघेही आधीच्या प्रीमियरने पद सोडल्यावर मधूनच आले आणि पुढची निवडणूक हरले. मतदारांचा कौल घेऊन ते पद मिळवणारे पहिले मात्र १९६० चे रोबिशोच. आर्सेनो यांच्यासाठी खुर्ची रिकामी झाली तीही आधीचे प्रीमियर मॅथिसन मुख्य न्यायाधीश झाल्याने, आणि १९१९ च्या पराभवानंतर दोनच वर्षांनी, १९२१ मध्ये, आर्सेनो स्वतःही प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले.