वेल्स, गिडिअन

गिडिअन वेल्स (१ जुलै १८०२ – ११ फेब्रुवारी १८७८) हे अमेरिकन पत्रकार, राजकारणी आणि यादवी युद्धकाळातील नौदलमंत्री होत. त्यांचा जन्म कनेक्टिकट राज्यातील ग्लॅस्टनबरी येथे झाला. १८२६ मध्ये ‘हार्टफर्ड टाइम्स’ या वृत्तपत्राचे संपादक झाल्यावर त्यांनी अँड्र्यू जॅक्सन यांच्या पक्षाची बाजू हिरिरीने मांडली. पुढे ते राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य व हार्टफर्डचे पोस्टमास्तर झाले. नौदलाशी त्यांचा पहिला संबंध आला तो १८४६ ते १८४९ या काळात, शिधा व कपडे पुरवणाऱ्या विभागाचे प्रमुख म्हणून. म्हणजे समुद्रापेक्षा कोठाराशीच अधिक. गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध म्हणून त्यांनी जॅक्सन यांचा डेमोक्रॅटिक पक्ष सोडला आणि रिपब्लिकन पक्षाच्या उभारणीत भाग घेतला.

मार्च १८६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी त्यांना नौदलमंत्री केले, तेव्हा नौदलाच्या सुमारे ९० जहाजांपैकी जेमतेम निम्मी कामावर होती आणि त्यांतलीही बरीच परदेशी समुद्रात होती. फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या साडेतीन हजार मैल किनाऱ्याची नाकेबंदी पुकारण्यास वेल्स यांचा विरोध होता. नाकेबंदी परकीय शत्रूची करतात, स्वतःच्या देशातील बंदरे नुसती बंद करावीत, असे त्यांचे म्हणणे होते. निर्णय विरुद्ध गेल्यावर मात्र व्यापारी जहाजे विकत घेऊन आणि नवी बांधून त्यांनी नाकेबंदी अमलात आणली. जहाजखरेदीचे काम अडीच टक्के दलालीवर आपल्या मेहुण्याकडे सोपवल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती. युद्धाअखेर जहाजांची संख्या सहाशेच्या वर गेली. याच नाकेबंदीमुळे इंग्लंडमधील लँकेशरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाचे भाव कडाडले आणि १८६५ मध्ये कोसळलेल्या शेअरच्या सट्ट्याला पैसा मिळाला.

सप्टेंबर १८६१ मध्ये, म्हणजे लष्कराच्या आधी, मालकांकडून पळून आलेल्या कृष्णवर्णीय गुलामांना नौदलात भरती करण्याची परवानगी त्यांनी दिली. त्यांना दर्जा व पगार मात्र सर्वांत खालचा होता. अभियंते जॉन एरिक्सन यांच्या ‘मॉनिटर’ या लोखंडी चिलखती जहाजाच्या योजनेलाही त्यांचा पाठिंबा मिळाला. ८ मार्च १८६२ रोजी शत्रूच्या ‘व्हर्जिनिया’ या चिलखती जहाजाने दोन लाकडी युद्धनौका नष्ट केल्या. दुसऱ्या दिवशी युद्धमंत्री स्टँटन खिडकीशी येरझाऱ्या घालत पोटोमॅक नदीकडे पाहत होते, आणि एवढे खोल बुडणारे जहाज उथळ पात्रातून वॉशिंग्टनपर्यंत येऊच शकत नाही, असे वेल्स त्यांना समजावत होते. हे वर्णन वेल्स यांनीच नंतर लिहिलेले आहे आणि स्टँटन यांच्याशी त्यांचे कधीच पटले नाही, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावे. त्याच दिवशी ‘मॉनिटर’ने ‘व्हर्जिनिया’ला रोखले.

भरघोस पांढरी दाढी आणि डोक्यावर केसांचा टोप असलेल्या वेल्स यांना लिंकन गमतीने ‘नेपच्यून’ (रोमन समुद्रदेव) म्हणत. लिंकन यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्याशीही ते एकनिष्ठ राहिले व मार्च १८६९ मध्ये पदावरून उतरले. हार्टफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

अभ्यासकांना आज त्यांची दैनंदिनी अधिक मोलाची वाटते. १३ जुलै १८६२ रोजी स्टँटन यांच्या तान्ह्या मुलाच्या अंत्यविधीला जाताना लिंकन यांनी बग्गीत गुलाममुक्तीचा विचार प्रथम बोलून दाखवला, हे तिच्यातूनच कळते. गोळी लागलेले लिंकन पलंग अपुरा पडल्याने त्यावर तिरपे निजवलेले होते, ही नोंदही तिच्यातलीच आहे. १९११ मध्ये ती तीन खंडांत छापली गेली, पण वेल्स यांनी उतारवयात केलेल्या दुरुस्त्या त्या आवृत्तीत मूळ मजकुरात मिसळून गेल्या होत्या. दोन्ही वेगळे दाखवणारी आवृत्ती १९६० मध्ये निघाली.