फ्रान्चेस्को (इटालियन नाव)

फ्रान्चेस्को हे इटलीतलं पुरुषाचं नाव. आपल्याकडे बरेचजण फ्रान्सिस्को म्हणतात पण ते स्पेन-पोर्तुगालकडचं रूप झालं, इटालियनमध्ये e या अक्षराच्या आधी c आला की त्याचा च होतो म्हणून चेस्को. मुलीचं नाव असेल तर फ्रान्चेस्का.

मूळ लॅटिन शब्द फ्रान्सिस्कस, म्हणजे फ्रँक लोकांपैकी एक. फ्रँक ही जर्मन कुळातली जमात, तिच्यावरूनच फ्रान्स हे देशाचं नाव पडलं, मग फ्रान्सिस्कसचा अर्थ फ्रान्सकडचा, फ्रेंच असा झाला. काही ठिकाणी या नावाचा अर्थ 'स्वतंत्र' असा देतात, तेही चूक नाही, कारण फ्रँकांच्या राज्यात पूर्ण मोकळीक त्यांनाच होती त्यामुळे जमातीचं नावच पुढे 'मोकळा माणूस' या अर्थाने वापरात आलं. आता गंमत बघा, याच फ्रँकांना अरबी लोक इफ्रंज म्हणायचे, फारसीत फरंगी झालं आणि तिथून आपल्या मराठीत आला फिरंगी! युरोपातून आलेलं पातं बसवलेली मराठ्यांची सरळ तलवार ती फिरंग, तीही याच घरातली. म्हणजे फ्रान्चेस्को आणि फिरंगी हे शब्द चक्क चुलतभाऊ आहेत, मला तर या नावाबद्दलची ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

पण ज्या नावाचा अर्थच 'फ्रेंच' ते इटलीत घराघरात कसं काय पोचलं? याचं उत्तर एका माणसात आहे, असिसीचा संत फ्रान्चेस्को. जन्म 1181 किंवा 1182 चा, वडील पिएत्रो दि बेर्नार्दोने कापडाचे व्यापारी. असं सांगतात की मूल झालं तेव्हा वडील व्यापारासाठी फ्रान्सला गेलेले, आईने बाप्तिस्मा करून नाव ठेवलं जोव्हान्नी, वडील परत आले आणि पोराला फ्रान्चेस्को म्हणायला लागले, तेच कायम राहिलं. तोवर हे नाव क्वचितच कोणाचं असायचं. पुढे त्याने बापाची सगळी श्रीमंती सोडली, अंगावरचे कपडेसुद्धा परत केले. 1226 मध्ये तो गेला आणि दोनच वर्षांत, 1228 ला, त्याला संतपद मिळालं. मग नाव जे पसरलं ते पसरलंच, 1304 मध्ये जन्मलेला कवी पेत्रार्कसुद्धा फ्रान्चेस्कोच. दक्षिणेत कालाब्रियामध्ये पाओलाचा संत फ्रान्चेस्को (1416–1507) झाला, त्याच्या आईवडिलांनी असिसीच्या संताला नवस करून झालेल्या मुलाला त्याचंच नाव दिलेलं, त्यामुळे तिकडे तर या नावाला दुहेरी मान.

अलीकडचं बोलायचं तर 2001 पासून 2017 पर्यंत इटलीत नवीन जन्मलेल्या मुलांमध्ये हेच नाव पहिल्या नंबरवर होतं, 2018 ला लिओनार्दोने मागे टाकलं. 2013 मध्ये पोप झालेल्या बेर्गोलिओंनी हेच नाव घेतलं, त्याआधी एकाही पोपने घेतलं नव्हतं. फुटबॉलवाल्यांना फ्रान्चेस्को तोत्ती माहीत असेलच.

आपल्याकडे हे नाव इटलीहून नाही तर पोर्तुगीजांबरोबर आलं, 1542 ला गोव्यात उतरलेल्या फ्रान्सिस झेवियरमुळे रुजलं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, त्यांचंही नाव तेच होतं.

लाडाची नावं भरपूर आहेत: फ्रांको, चेक्को, केक्को, चेस्को, आणि दक्षिणेत चिच्चो. चिच्चोचा अर्थ गुबगुबीत असाही होतो, त्यामुळे गुटगुटीत बाळाला नाव काहीही असलं तरी चिच्चो म्हणतात. दक्षिणेत थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायची पद्धत, मग एकाच घरात दोन-तीन चुलतभाऊ फ्रान्चेस्को निघतात आणि हाक मारताना एकाला चिच्चो, एकाला फ्रांको असं करावंच लागतं. नुसतं हाक मारायची असेल तर शेवट गाळून टाकतात, "फ्रान्चे!" किंवा अजून छोटं "फ्रा!". 4 ऑक्टोबर हा असिसीच्या संताचा दिवस, त्या दिवशी वाढदिवसासारखेच या सगळ्यांना शुभेच्छांचे फोन येतात.