धर्मसुधारणा स्मारक, जिनीव्हा

स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहरात प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांच्या (सोळाव्या शतकात रोमन कॅथलिक चर्चपासून फुटून निघालेल्या पंथाच्या नेत्यांच्या) स्मरणार्थ बांधलेली सु. १०० मी. लांबीची शिल्पांकित दगडी भिंत. ती बास्तियों उद्यानात जुन्या तटबंदीला लागून आहे. जिनीव्हातील धर्मसुधारणेचा नेता झां कॅल्व्हिन याच्या जन्माला ४०० आणि त्याने स्थापिलेल्या अकादमीला ३५० वर्षे झाली, त्या १९०९ साली पायाभरणी झाली. उद्घाटन १९१७ मध्ये झाले. आराखडा लोझॅनच्या वास्तुशिल्पज्ञांचा. शिल्पे पॉल लांदोव्स्की आणि आंरी बुशार या फ्रेंच शिल्पकारांची.

मध्यभागी फारेल, कॅल्व्हिन, बेझा व स्कॉटलंडचा नॉक्स या चार धर्मसुधारकांचे सु. ५ मी. उंचीचे पुतळे आहेत. चौघांच्या अंगावर धर्मोपदेशकाचा पायघोळ झगा असून हातात छोटे बायबल आहे. दोन्ही बाजूंना फ्रेंच सेनानी कोलिन्यी, इंग्लंडचा शासक क्रॉमवेल, अमेरिकेतील वसाहतीचा संस्थापक रॉजर विल्यम्स आदी सहा पुरस्कर्त्यांचे पुतळे आहेत. त्यांची उंची ३ मी. पुढील फरसबंदीवर जिनीव्हाच्या राजचिन्हाशेजारी बर्नचे अस्वल व स्कॉटलंडचा सिंह कोरला आहे.

भिंतीवर ‘पोस्ट टेनेब्रास लक्स’ (अंधारानंतर प्रकाश) हे लॅटिन ब्रीद आहे. त्याचे मूळ बायबलच्या जुन्या करारातील ईयोबाच्या पुस्तकात (१७:१२), पण लॅटिन भाषांतरात. तेथे ‘अंधारानंतर मी प्रकाशाची आशा धरतो’ असे वाक्य आहे आणि शहराचे जुने ब्रीदही तेच होते. सोळाव्या शतकात त्यातील ‘आशा धरतो’ हे क्रियापद गळले. आशा फळाला आली, म्हणून ते गाळले, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. तो नंतर बसवलेला असण्याचीही शक्यता आहे. मूळ हिब्रू ओळीत मात्र आशेचा उल्लेख नाही. तेथे रात्रीला दिवस म्हणणाऱ्या मित्रांविषयी ईयोबाची तक्रार आहे; त्यामुळे हिब्रूवरून केलेल्या मराठी बायबलमध्ये हे ब्रीद शोधू जाणाऱ्याच्या हाती ते लागत नाही.

अधिकृत नावात ‘आंतरराष्ट्रीय’ असे विशेषण असले तरी स्मारकाची दृष्टी कॅल्व्हिनपंथीय आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जर्मनीचा ल्यूथर आणि झुरिकचा झ्विंग्ली या आद्य सुधारकांचे पुतळे नाहीत. बाजूच्या शिलाखंडांवर त्यांची केवळ नावे आहेत. चर्चमधील मूर्तींना मूर्तिपूजा मानणाऱ्या या परंपरेला पुतळ्यांची कल्पनाच अवघड जाणारी होती. १५३५ मध्ये फारेलच्या प्रवचनांनंतर याच शहरातील सेंट प्येर कॅथीड्रलमधील मूर्ती फोडल्या गेल्या. कॅल्व्हिनने तर आपल्या थडग्यावर खूणही नको, असे सांगून ठेवले होते.

२००२ मध्ये वाल्डो, विक्लिफ, हुस हे आधीच्या शतकांतील सुधारक आणि जिनीव्हातील धर्मसुधारक लेखिका मारी दांतिएर यांची नावे कोरण्यात आली. स्मारकावर नाव आलेली दांतिएर ही पहिली स्त्री. स्त्रियांनाही धर्मग्रंथावर बोलू द्यावे, असे तिने १५३९ मध्ये नाव्हारच्या राणीला लिहिलेल्या पत्रात मांडले होते. ते पत्र छापले गेले, तेव्हा त्याच्या बहुतेक प्रती जिनीव्हाच्या नगरपरिषदेनेच जप्त केल्या होत्या.