हॅम रेडिओ: आधी सर्टिफिकेट, मग लायसन, सेट सगळ्यात शेवटी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ फूट हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं, त्यामुळे पंचावन्न म्हणजे काय हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि शहर पुण्याच्या बाजूनं कित्येक दिवस तुटलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. तेव्हापासून दरवर्षी पाऊस लागला की मला एक प्रश्न हमखास येतो: "वायरलेस सेट घ्यायचाय, सरकारी फी किती पडते?"

हॅम रेडिओची फी किरकोळ आहे. परीक्षेचे १०० रुपये, २० वर्षांच्या लायसनचे १,०००, आजीवन लायसनचे २,०००. तांबडा-पांढऱ्याचं ताट खायला चौघं गेले तरी बिल परीक्षेच्या फीच्या कितीतरी पुढं जातं. लोक अडकतात ते क्रमात. आधी ऑनलाइन सेट मागवतात, मग चौकशी करतात. क्रम बरोबर उलटा हवा.

दोन कागद, दोन वेगळ्या गोष्टी

हौशी रेडिओत, म्हणजे धंदा न करता छंद म्हणून स्वतःच्या वायरलेस सेटवरून बोलायच्या, आपण ज्याला हॅम म्हणतो त्या प्रकारात, सरकार दोन कागद देतं. पहिला ऑपरेटरचं सर्टिफिकेट. परीक्षा पास झालात की हे मिळतं आणि ते माणसाचं असतं. दुसरा स्टेशनचं, म्हणजे तुमच्या सेट आणि अँटेनाचं, लायसन. कॉल साइन, म्हणजे हवेवरचं तुमचं नाव, त्यावर असते, स्टेशनचा पत्ता त्यावर असतो. गाडीचं उदाहरण घ्या: ड्रायव्हिंग लायसन माणसाचं, आरसी बुक गाडीचं. नुसतं ड्रायव्हिंग लायसन खिशात आहे म्हणून विनानोंदणीची गाडी ताराराणी चौकातून नेता येत नाही. तसंच नुसत्या सर्टिफिकेटवर स्वतःचं स्टेशन लावून हवेवर जाता येत नाही.

दोन्ही कागद दिल्लीच्या संचार भवनातून, दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेकडून येतात. वारणानगरच्या पोरानं आणि दिल्लीच्या पोरानं भरायचा अर्ज एकच, तो 'सरल संचार' या पोर्टलवर. कलेक्टर ऑफिस, तहसील किंवा सेतू केंद्राचा यात काही संबंध नाही. कुणी एजंट "साहेब ओळखीचे आहेत" म्हणत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

कुणाला करता येतो अर्ज

भारतीय नागरिक असावा आणि वयाची १२ वर्षं पूर्ण असावीत. शिक्षणाची अट नाही. सायन्सला नसलेले, दुकान चालवणारे, शेती करणारे, रिटायर झालेले शिक्षक असे सगळे यात आहेत. १८ च्या आतल्यांना पालकांची संमती जोडावी लागते. इंजिनिअरिंग कॉलेजला किंवा एखाद्या मंडळाला क्लबच्या नावानं लायसन काढता येतं, पण त्यासाठी जबाबदार म्हणून एक परवानाधारक हॅम असावा लागतो. म्हणजे तिथंही सुरुवात कुणीतरी एकानं परीक्षा देण्यापासूनच.

सर्टिफिकेटच्या दोन श्रेणी आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडवाल्याची कॉल साइन व्हीयू३ नं सुरू होते, जनरलवाल्याची व्हीयू२ नं. राजीव गांधींची कॉल साइन व्हीयू२आरजी होती, हा किस्सा प्रत्येक जुना हॅम नव्याला एकदा तरी ऐकवतोच, मीही ऐकवला. रिस्ट्रिक्टेडला पॉवर ५० वॅटपर्यंत, जनरलला ४०० पर्यंत. आकडे बघून पोरं थेट जनरलकडं धावतात. त्यांना माझं सांगणं असं, की ५० वॅट आणि नीट बांधलेली तार एवढ्यावर सात मेगाहर्ट्झला पहाटे मी जिथवर बोललोय, तिथवर माझ्या पासपोर्टनंही मला नेलेलं नाही.

परीक्षा

पेपरचे दोन भाग: रेडिओची थिअरी आणि नियम. रिस्ट्रिक्टेडला प्रत्येक भागात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. जनरलला प्रत्येक भागात ५० आणि एकूण ५५. जनरलला वर मोर्सची चाचणी असते, मिनिटाला ८ शब्द, घेणं आणि पाठवणं दोन्ही. शब्द पाच अक्षरांचा धरतात, म्हणजे मिनिटाला चाळीस अक्षरं. ऐकायला कमी वाटतं. पहिल्या आठवड्यात कानाला सगळी किटकिट एकसारखीच वाटते आणि माणूस नाद सोडतो. तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकलात तर अक्षरं मोजावी लागत नाहीत, आपोआप ऐकू येतात. ठिपके आणि रेघा कागदावर पाठ करू नका, चालीवर शिका. लेझीम शिकताना आपण पावलं मोजत नाही, हलगी ऐकतो.

थिअरीत ओहमचा नियम, कॅपॅसिटर, डायोड-ट्रान्झिस्टर, ट्रान्समीटर-रिसीव्हरचे ठोकळे, अँटेना, लहरींचा प्रवास. दहावीचं विज्ञान घासून घेतलं की रिस्ट्रिक्टेडचं बरंचसं सुटतं. आयटीआयवाले आणि टीव्ही रिपेअरवाले इथं सायन्सच्या पदवीधरांपेक्षा हुशार निघतात, कारण त्यांनी शॉक खाल्लेला असतो.

नियमांचा भाग लोक हलक्यात घेतात आणि तिथंच आपटतात. क्यू कोड (क्यूनं सुरू होणारे तीन अक्षरी संकेत), अक्षरांची ध्वन्यात्मक नावं, कॉल साइनची रचना, संकटाचे संकेत (मोर्समध्ये एसओएस, आवाजात मेडे), लॉगबुकात काय लिहायचं, काय बोलायला मनाई आहे, हे सगळं त्यात येतं. गाणी वाजवणं, धंद्याचं बोलणं, सांकेतिक भाषा वापरणं, परक्याचा निरोप पोचवणं या गोष्टी चालत नाहीत. मात्र आपत्तीत नेहमीची संपर्कव्यवस्था कोलमडली आणि प्रशासनानं सांगितलं तर तिऱ्हाईताचे निरोप पोचवता येतात. महापुराच्या गावात राहणाऱ्यानं हा नियम परीक्षेपुरता न शिकता नीट समजून घ्यावा.

परीक्षा विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग स्टेशनवर होते. कोल्हापुरात केंद्र नाही. आपल्याला सोयीची म्हणजे मुंबई किंवा गोवा. गोव्याला पहाटे निघून संध्याकाळी परत येता येतं, मुंबईला रात्रीची गाडी पकडायची. खर्चाचा हिशेब मांडायचा तर फीपेक्षा तिकीट महाग, हे आधीच धरून चला. चार-पाच जण एकत्र तयारी करून एकाच तारखेला गेलात तर गाडीखर्च वाटला जातो आणि वाटेत क्यू कोडची उजळणीही होते.

कागदपत्रं, म्हणजे खरी परीक्षा

यादी छोटी आहे: फोटो, सहीचा स्कॅन, ओळखीचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा. पुढं लायसनच्या अर्जाला सर्टिफिकेटची प्रत. यादी वाचून माणूस म्हणतो, एवढंच? मीही म्हणालो होतो.

माझा अर्ज नावावर अडला, आणि चूक माझीच. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. आधारवर आपलं नाव आधी. अर्ज मी मार्कलिस्ट समोर ठेवून भरला, त्यामुळे पहिल्या नावाच्या रकान्यात आडनाव जाऊन बसलं. शिवाय वडिलांच्या नावाला मार्कलिस्टवर 'राव' आहे, आधारवर तो गळालाय. गावाकडं 'राव' असला काय, नसला काय, सारखंच. पडद्यावर अर्ज तपासणाऱ्याला ती दोन वेगळी माणसं. आधार दुरुस्त करून पुन्हा सगळं भरण्यात पावसाळा गेला.

म्हणून अर्ज उघडण्याआधी आधार, मार्कलिस्ट आणि पॅन टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा. लक्ष्मण, लक्ष्मी ही नावं खास तपासायची, एकीकडं एक्स असतो, दुसरीकडं केएस. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद हाताशी ठेवावी.

पत्त्याचंही तसंच. पोर्टलवर दोन पत्ते वेगळे समजा, टपालाचा आणि स्टेशनचा. अँटेना जिथं उभी राहणार तो स्टेशनचा पत्ता, आणि लायसनवर तो छापला जातो. आपल्याकडं अडचण अशी की आधारवर 'मु. पो.' करून गाव असतं, राहायला माणूस राजारामपुरीतल्या कुठल्या तरी गल्लीत, आणि लाइट बिलावर 'ई वॉर्ड, सि. स. नं.' अशी तिसरीच भाषा. तिन्ही खरेच पत्ते, पण कागदाला ते कळत नाही. ज्या पुराव्याची प्रत जोडणार, त्यावर जसा पत्ता आहे तसाच, त्याच क्रमानं अर्जात लिहा. भाड्यानं राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार जोडा, आणि घरमालकाला गच्चीवर तार बांधणार हे आत्ताच सांगून टाका. सात मेगाहर्ट्झचा साधा डायपोल (तारेची अँटेना) सुमारे २० मीटर लांब होतो. रविवारी सकाळी कपडे वाळत घालायला आलेल्या काकूंना ती तार पहिल्यांदा दिसली तर पुढचा संवाद नियमांच्या पुस्तकात सापडणार नाही.

पैसे कसे भरायचे, किती वर्षांचं घ्यायचं

फी ऑनलाइनच, भारतकोश या सरकारी पोर्टलमार्फत. डीडी काढायला बँकेत जायची गरज नाही. पावतीची पीडीएफ मोबाइलमध्ये न ठेवता स्वतःला मेल करून ठेवा. परीक्षेची आणि लायसनची फी एकदम भरता येत नाही, सर्टिफिकेट हातात आल्यावरच लायसनचा अर्ज उघडायचा. २०२३ चा दूरसंचार कायदा आल्यापासून जुन्या नियमांची नव्यानं मांडणी सुरू आहे, तेव्हा भरायच्या दिवशी पडद्यावर जो आकडा दिसेल तोच भरा, माझ्या किंवा कुणाच्या जुन्या पावतीवरचा नव्हे.

वीस वर्षांचं की आजीवन? तिशी-चाळिशीच्या आत असाल तर दोन हजार टाका आणि विसरून जा. नूतनीकरणाची तारीख वीस वर्षांनी कोण लक्षात ठेवतो? साठी ओलांडलेल्यांनी हजारात भागवलं तरी हरकत नाही. यात दरवर्षीची स्पेक्ट्रमची, म्हणजे रेडिओ लहरी वापरण्याची, रॉयल्टी नाही, ही हौशी सेवेची मोठी सवलत आहे. गोकुळ शिरगावच्या कारखान्याला किंवा एखाद्या साखर कारखान्याला आवारात वॉकीटॉकी हवे असतील तर तो वेगळा, कॅप्टिव्ह म्हणजे स्वतःच्या कामापुरत्या वापराचा परवाना. तिथं फ्रिक्वेन्सी किती घेतल्या, अंतर किती, बँडविड्थ किती यावर दरवर्षी पैसे लागतात. हॅमचं लायसन काढून कारखान्याच्या गेटवर सेट वापरणं हा गुन्हा आहे. हे विचारणारे दरवर्षी दोघं-तिघं तरी भेटतात, म्हणून लिहिलं.

मंडळवाले आणि ट्रेकवाले

गणपतीच्या मिरवणुकीत, जोतिबाच्या चैत्र यात्रेत, पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेत हातात सेट दिसतात. त्यातले बरेचसे ऑनलाइन घेतलेले, स्वस्तातले, आणि १३६ ते १७४ मेगाहर्ट्झवर कुठंही बोलू शकणारे. हा सेट लायसनशिवाय नुसता बाळगणंही चुकीचं, चालू केला नाही तरी. त्या पट्ट्यात सरकारी यंत्रणांचं बोलणं चालतं आणि मिरवणुकीत बंदोबस्ताच्या बोलण्यावर आपल्या "हॅलो हॅलो, ढोल पुढं घ्या" ची गर्दी झाली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. हॅमच्या लायसनवरही मंडळाच्या कार्यकर्त्यांना सेट वाटता येत नाहीत, बोलायचं ते परवानाधारकानंच.

मोहिमेसाठी कायदेशीर वाट आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा छोटा पट्टा कमी ताकदीच्या सेटसाठी २०१८ पासून लायसनमुक्त आहे. सेटला टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या मॉडेलची सरकारी मंजुरी, आहे ना आणि तो याच पट्ट्यापुरता आहे ना, हे घेताना बघायचं. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ई-कॉमर्सवर वॉकीटॉकी विकण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात फ्रिक्वेन्सी आणि मंजुरीची माहिती देणं आलं. ती माहिती जिथं दिसत नाही तिथून घेऊ नका. पल्ला कमी असतो, दऱ्याखोऱ्यात तर आणखी कमी. पण पुढचा आणि मागचा गट एकमेकांना सापडायला पुरतो.

लायसन आल्यावर

कॉल साइन हातात आल्यावर सेट घ्या. रीतसर विकणारा लायसनची प्रत मागतो, मागत नसेल तर तिथून निघा. सुरुवातीला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा हातातला सेट पुरे, हॅम मंडळी त्याला हँडी म्हणतात. तोवर कान तयार ठेवायला इंटरनेटवरून ऐकता येणारे रिसीव्हर आहेत. परीक्षेआधी महिनाभर रोज अर्धा तास चाळीस मीटर बँड, म्हणजे तोच सात मेगाहर्ट्झचा पट्टा, ऐकलात तर निम्मे क्यू कोड पाठ करावेच लागत नाहीत.

लॉगबुक पहिल्या दिवसापासून ठेवा. दोनशे पानी वही चालते: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, समोरची कॉल साइन, सिग्नलचा रिपोर्ट. बाहेरच्या देशातल्या स्टेशनसाठी वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहायची सवय लावा, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. लायसनची प्रत सेटजवळ असू द्या, आणि घर बदललंत तर अँटेना उतरवायच्या आधी पोर्टलवर स्टेशनचा पत्ता बदलायचा अर्ज टाका. नव्या पत्त्याचं लाइट बिल लागेल, आणि त्यावरचा वॉर्ड आणि सि. स. नंबर पुन्हा एकदा अक्षर न् अक्षर जुळवावा लागेल.