डिजिटल मानवाकृती-चित्रण : रंग आणि प्रकाशाचा सराव

संगणकाच्या पडद्यावर माणसाचे शरीर किंवा चेहरा रंगवताना त्यावर पडलेला उजेड, त्याची सावली आणि त्यामुळे त्वचेचे बदलणारे रंग अचूक हेरण्याचा अभ्यास. पेन टॅब्लेटवर फोटोशॉप किंवा क्रिता, आयपॅडवर प्रोक्रिएट अशी साधने बदलतात. अभ्यासाचा गाभा मात्र तैलरंग-जलरंगांच्या जुन्या चित्रशाळांतूनच आला आहे. डिजिटल माध्यमाने त्यात एका मोलाच्या गोष्टीची भर घातली : लावलेला रंग कुठे आणि किती चुकला, हे लगेच मोजून पाहता येते.

नवशिक्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘त्वचेसाठी कोणता रंग घ्यायचा?’ असा असतो. असा ठरीव रंग नसतोच. तोच गाल खिडकीच्या उजेडात, पिवळ्या बल्बखाली आणि झाडाच्या सावलीत वेगवेगळा दिसतो. म्हणून सुरुवात रंगाच्या गडद-उजळपणापासून, म्हणजे व्हॅल्यूपासून करतात. मॉडेलच्या एका बाजूला एकच दिवा ठेवायचा, डोळे किलकिले करून पाहायचे आणि आकृती उजेड व सावली अशा दोनच टोनमध्ये विभागायची. ही विभागणी नेमकी झाली, की कपाळ, नाक, हनुवटी यांची घडण रेषेशिवायही कळते. जबड्याखाली कपड्यांवरून उजेड उसळून येतो, पण तो भाग सावलीतच असतो. त्याला उजेडाच्या बाजूइतका उजळ केला, की चेहऱ्याचा गोलवा मोडतो.

व्हॅल्यू ओळखताना सॉफ्टवेअर फसवूही शकते. कलर पिकर, म्हणजे रंग निवडण्याची वा मोजण्याची खिडकी, सहसा ह्यू (रंगाची जात), सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा नव्हे, शुद्धपणा) आणि ब्राइटनेस (उजळपणा) या तीन आकड्यांवर चालतो. ही रचना संगणकशास्त्रज्ञ ॲल्वी रे स्मिथ यांनी १९७८ मध्ये मांडली. तिच्यात शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा या दोघांचाही ब्राइटनेस १०० दिसतो. प्रत्यक्षात पडद्यावरच्या पांढऱ्याच्या तुलनेत पिवळ्याची प्रकाशमानता सुमारे ९३ टक्के असते, निळ्याची जेमतेम ७ टक्के. त्यामुळे जाणकार सर्वांत वर काळ्या रंगाचा लेयर (चित्रावरचा पारदर्शक कागदासारखा थर) ‘कलर’ मोडमध्ये ठेवतात; या मोडमध्ये खालच्या चित्राचा फक्त उजळपणा उरतो. तो चालू केला की चित्र कृष्णधवल दिसते आणि टोनमधल्या चुका उघड्या पडतात.

मानवी त्वचा दगडासारखी अपारदर्शक नसते, आणि खरी गंमत इथेच आहे. वरच्या थरातले मेलॅनिन हे रंगद्रव्य काही प्रकाश शोषते. उरलेला आत शिरतो, विखुरतो आणि रक्तामुळे तांबूस होऊन बाहेर पडतो. मागून ऊन आले की कानाची पाळी लाल दिसते ती यामुळेच, आणि उजेड जिथे सावलीत उतरतो तिथली कडाही याच कारणाने किंचित तांबडी असते. संगणकीय चित्रांसाठी याचे व्यवहार्य गणित येन्सन, मार्शनर, लेव्हॉय आणि हॅनरहन यांनी २००१ मध्ये मांडले. चित्रकारांनी ते त्याआधीच डोळ्यांनी टिपले होते. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे दिवा हाती घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातले चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योतीला तिने दुसऱ्या हाताचा आडोसा केला आहे आणि त्या बोटांतून प्रकाश झिरपतो. या चित्राची छोटी अनुकृती करून पाहावी. तेजस्वी वाटणारे रंग किती थोड्या जागेत आहेत आणि भोवतीचा अंधार त्यांना किती उजळवतो, हे एका बैठकीत समजते.

सावळ्या आणि काळ्या त्वचेबाबत आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी विशेष जागरूक राहायला हवे, कारण सरावासाठी हाती येणारे नमुने बरेचदा गोऱ्या, गुलाबी कांतीचे असतात. मूळ रंगात नुसता काळा मिसळला, तर त्वचा राखाडी, निर्जीव होते. पृष्ठभागावरची चमक सर्व त्वचांवर साधारण सारखीच असते. गडद त्वचेत आतून परतणारा उजेड कमी असल्याने ती अधिक ठळक दिसते, शिवाय ती प्रकाशाचाच रंग घेते. मोकळ्या आभाळाखाली सावळ्या कपाळावर आणि गालफडांवर दिसणारी निळसर झाक ही तीच. आपलाच हात आधी ट्यूबलाइटखाली आणि मग बल्बखाली रंगवणे, हा बिनखर्चाचा उत्तम सराव आहे.

उन्हातल्या सावलीला आभाळाचा उजेड मिळतो, म्हणून ती निळसर असते. पण ‘निळसर’ हेही शेजाऱ्यावर ठरते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्ह्रल यांनी शेजारशेजारच्या रंगांचा एकमेकांवर होणारा हा परिणाम १८३९ मध्ये सविस्तर मांडला. स्वीडिश चित्रकार आंडर्स झॉर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पॅलेटमध्ये पिवळा ओकर, व्हर्मिलियन, काळा आणि पांढरा एवढेच रंग असतात. तांबूस त्वचेशेजारी त्यातला साधा करडाही निळा भासतो. एवढ्याच रंगांत चेहरा करून पाहिला, की पिकरमधल्या लाखो छटांची भीती मोडते.

पिकर वापरावा, पण अंदाजानंतर. फोटो शेजारी ठेवून रंग नजरेने लावायचा, मग दोन्ही रंग पिकरने मोजायचे आणि चूक ह्यूची, सॅच्युरेशनची की व्हॅल्यूची हे पाहायचे. डोळ्यांतला पांढरा भाग घ्या : जवळजवळ सगळेच तो पांढरा रंगवतात, आणि पापणीच्या सावलीत मोजला तर तो मळकट, मध्यम करडा निघतो. आधीच फोटोतून रंग उचलला तर नक्कल साधते, नजर तयार होत नाही. शिवाय कॅमेरा बऱ्याचदा सावल्या काळ्या करून टाकतो, म्हणून जमेल तेव्हा जिवंत मॉडेल बसवावे. टॅब्लेटचा नाइट मोड बंद असावा. तो पडदा पिवळा करतो आणि रंगांचा अंदाज चुकवतो.

आधी करड्या रंगात चित्र पूर्ण करून त्यावर ओव्हरले, मल्टिप्लाय अशा (खालच्या टोनमध्ये रंग मिसळणाऱ्या) लेयरमधून रंग चढवण्याची पद्धत लोकप्रिय आहे. व्हॅल्यू शिकायला ती चांगली, रंग शिकायला अपुरी : सगळ्या आकृतीवर एकच छटा पसरते आणि सावलीत शिरताना होणारा रंगबदल हरवतो. या पद्धतीने काम करणाऱ्याने शेवटी एक नॉर्मल (खालचा रंग सरळ झाकणारा) लेयर उघडून सीमेवरचा तांबूसपणा, हनुवटीखालचा कपड्याचा रंग आणि कपाळावरचे आभाळ हाताने रंगवावे.