वाकळ

वाकळ (स्त्री.) : जुन्या, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या सुती कपड्यांचे थर एकावर एक अंथरून हाताने धावदोरा घालून शिवलेले जाड अंथरूण-पांघरूण. कोल्हापूर, सांगली व सातारा भागांत हा शब्द रूढ आहे. खेड्यांतल्या बोलीत ‘वाकाळ’ असाही उच्चार ऐकू येतो. महाराष्ट्रात इतरत्र याच वस्तूस गोधडी म्हणतात. धनगरी घोंगडे व जेन ही लोकरीची असल्याने ती वेगळी समजावीत.

शब्दाची व्युत्पत्ती वादाची आहे. संस्कृत ‘वल्कल’ (झाडाची साल, सालीचे वस्त्र) पासून प्राकृत ‘वक्कल’ व त्यापासून ‘वाकळ’ अशी मांडणी केली जाते. ध्वनिदृष्ट्या तीत अडचण नाही. जोडाक्षर सुटून आधीचा स्वर दीर्घ होणे (कर्म–कम्म–काम, सप्त–सत्त–सात) आणि दोन स्वरांमधल्या ‘ल’चा ‘ळ’ होणे (फल–फळ, काल–काळ) हे मराठीचे नेहमीचे नियम आहेत. अंबाडी-घायपाताच्या धाग्यांना असलेला ‘वाख’ हा शब्दही बहुधा याच कुळातला. ‘वल्कल’ नपुंसकलिंगी व ‘वाकळ’ स्त्रीलिंगी हा आक्षेप राहतो. पण गोधडी, चादर या सोबतच्या शब्दांच्या ओढीने लिंग बदलणे अशक्य नाही. अर्थाचा प्रवासही समजण्यासारखा आहे : तपस्व्याचे सालीचे वस्त्र, मग कोणतेही भरड आच्छादन, मग चिंध्यांचे पांघरूण. ‘वाकणे’ या क्रियापदाशी नाते जोडून ‘जी वाकवून, घडी घालून ठेवतात ती’ असा अर्थ काढण्याचा मोह होतो. मात्र घडी तर प्रत्येक अंथरुणाचीच घालतात. त्यामुळे ‘वल्कल’चा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. कोल्हापूरच्या दक्षिणेस कन्नड मुलखात याच वस्तूस ‘कौदी’ म्हणतात. गडहिंग्लजकडच्या सीमाभागात दोन्ही भाषा नांदत असल्या, तरी ‘कौदी’ व ‘वाकळ’ हे शब्द एकमेकांपासून निघाले असावेत असे दिसत नाही.

संस्कृत वाङ्मयात चिंध्यांच्या पांघरुणाला ‘कंथा’ हा शब्द आहे. भर्तृहरीच्या नीतिशतकात ‘क्वचित् कन्थाधारी’ असा उल्लेख येतो, तर शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या चर्पटपंजरिका स्तोत्रात रस्त्यावर पडलेल्या चिंध्यांची कंथा (‘रथ्याचर्पटविरचितकन्थः’) वर्णिली आहे. स्तोत्रात ती विरक्ताची खूण आहे, तर नीतिशतकात कंथा असो वा दिव्य वस्त्र, सुखदुःख न मोजणाऱ्या कार्यार्थी माणसाच्या वर्णनात ती येते. गाडगेमहाराजांना (1876–1956) लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत, त्यामागे विरक्ताच्या कंथेची हीच परंपरा आहे. घरातली, बायकांनी लेकराबाळांसाठी शिवलेली वाकळ मात्र या वाङ्मयात जवळजवळ येतच नाही.

वाकळेचा काळ ठरवणे कठीण आहे. झिजलेली वाकळ टाकून देत नाहीत; वरून नवे लुगडे चढवून तीच पुन्हा टाचतात, किंवा दुसऱ्या वाकळेच्या पोटात घालतात. म्हणून एकाच वाकळेत आतले कापड आजीच्या काळचे, मधले आईचे व वरचे हल्लीचे असू शकते. कापड व शिवण यांचे वय त्यामुळे वेगवेगळे धरावे लागते. एखाद्या थरात कृत्रिम रंगाचे कापड आढळले, तर तो थर 1856 नंतरचा एवढेच खात्रीने म्हणता येते, कारण पहिला कृत्रिम रंग त्या वर्षी तयार झाला. इचलकरंजीत 1904 मध्ये पहिला यंत्रमाग आला आणि कोल्हापुरात 1906 मध्ये शाहू मिलची स्थापना झाली. त्यानंतर या भागातील वाकळांत गिरणीचे व मागाचे कापड वाढले असावे.

शिवण उन्हाळ्यात, सुगी उरकल्यावर व पाऊस लागण्याआधी होते. अंगणात किंवा सोप्यात खालचे लुगडे ताणून पसरतात व कोपऱ्यांवर वजने ठेवतात. त्यावर धोतरे, परकर, सदरे उसवून सपाट लावतात, वर दुसरे लुगडे घालून कडा आत मुडपतात. मग जाड सुईने कडेकडेने टाके घालत मध्याकडे यायचे. टाक्यांच्या ओळी जितक्या जवळ, तितकी वाकळ टिकाऊ. थर फार झाले तर सुई बोटात रुतते, कमी पडले तर गगनबावडा-राधानगरीकडच्या पावसाळी गारठ्यात ऊब पुरत नाही.

हे काम सहसा एकटीने होत नाही. शेतातल्या पैऱ्यासारखाच इथेही पैरा असतो : आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. चार कोपऱ्यांना चौघी बसल्या की दुपारभर हात चालतात आणि बोलणेही. सासुरवास, लेकीचे बाळंतपण, गेलेल्या माणसाची आठवण हे सारे तिथे निघते. सुईवरची नजर वर उचलावी लागत नाही, म्हणूनच एरवी तोंडातून न निघणारे शब्द तिथे निघतात असे या बायका सांगतात, आणि ते खरे वाटते. वारलेल्या माणसाचे धोतर किंवा लुगडे वाकळेत घालण्याची रीत अनेक घरांत आहे. दुःखाला हात लावण्याची ही घरगुती वाट म्हणावी लागेल. अमेरिकेत अशा एकत्र शिवणाला ‘क्विल्टिंग बी’ म्हणतात. तो ‘बी’ मधमाशीवरून आला की शेजारधर्माच्या मदतीला असलेल्या जुन्या बोलीशब्दावरून, याविषयी मतभेद आहेत. दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. अशा मंडळात जुळणाऱ्या मैत्रीवर व भरून येणाऱ्या मनावर तिकडे कादंबऱ्यांची एक स्वतंत्र धारा उभी राहिली आहे. तिकडील बैठक ठरवून भरते. इथल्या बैठकीला नाव नाही, सभासद नाहीत, गल्ली हीच तिची हद्द.

घटस्थापनेपूर्वी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुण्याची चाल कोल्हापुरात आहे. भिजलेली वाकळ एकटीला पिळवत नाही. दोघी दोन टोके धरून उलट्या दिशांना पीळ देतात आणि ती दोन-तीन दिवस उन्हात घालतात.