जर्मन प्रमाणभाषेची जडणघडण

जर्मन प्रमाणभाषा कोणत्याही एका राजधानीची बोली नाही. फ्रेंचला पॅरिसचा दरबार मिळाला. शेकडो संस्थानांत विखुरलेल्या जर्मन मुलखाला १८७१ पर्यंत तसे केंद्रच नव्हते. ही भाषा घडवली ती कारकून, छापखानेवाले, धर्मोपदेशक आणि शाळामास्तर यांनी. त्यामुळे ती आधी कागदावर स्थिरावली आणि तोंडी बरीच नंतर रुळली.

बोलींमधली मोठी फूट मात्र त्याहून जुनी. साधारण सहाव्या ते आठव्या शतकांत दक्षिणेत व्यंजने बदलली, उत्तरेतली निम्न जर्मन तशीच राहिली. म्हणून पाण्याला उत्तरेत ‘वाटर’ आणि दक्षिणेत ‘वासर’. ल्यूबेकच्या, हान्झा या व्यापारीसंघाच्या व्यापाऱ्यांनी निम्न जर्मन बाल्टिक किनाऱ्यावर नेली, तिथे तिच्यात करारमदार होत. या संघाची सद्दी संपली तशी ती लिखाणातूनही मागे पडली.

प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२२ मध्ये नव्या कराराचे आणि १५३४ मध्ये संपूर्ण बायबलचे भाषांतर छापले. शब्दरूपे त्याने मुख्यतः सॅक्सनीच्या कचेरीतली घेतली. वाक्याचे वळण मात्र घरातली आई, गल्लीतली पोरे आणि बाजारातला साधा माणूस यांना विचारून ठरवावे, असे त्याचे म्हणणे होते. लूथरने जर्मन भाषा निर्माण केली, हे विधान वारंवार केले जाते. ते अतिशयोक्तीचे आहे. १५२३ मध्ये बाझेलचा मुद्रक आडाम पेट्री याला आपल्या आवृत्तीला शब्दार्थांची यादी जोडावी लागली, कारण दक्षिणेतल्या वाचकांना लूथरचे कित्येक शब्द कळत नव्हते. कॅथलिक मुलखात तर शब्दाच्या शेवटचा ‘ए’सुद्धा ‘लूथरी’ म्हणून टाळत. हा दुरावा अठराव्या शतकापर्यंत टिकला.

उच्चभ्रूंचा ओढा फ्रेंचकडे होता; प्रशियाचा राजा दुसरा फ्रीड्रिख लिहीत असे तो प्रामुख्याने फ्रेंचमध्येच. विद्यापीठांत लॅटिनचे राज्य होते. १६८७ मध्ये क्रिस्टिआन टोमाझिउसने लाइपझिगला जर्मनमधून व्याख्यानाची जाहिरात लावली, तेव्हा गहजब झाला. १८७१ मध्ये जर्मनीचे एकीकरण झाले आणि उलटे वारे सुटले. टपालखात्याचा प्रमुख हाइनरिख फोन श्टेफान याने शेकडो परकी शब्द खात्यातून काढून जर्मन प्रतिशब्द रूढ केले. रजिस्टर पत्रासाठी आज वापरतात तो ‘आइनश्राइबेन’ हा शब्द त्याच मोहिमेतला. खिडकीवर रोज लागणारे असे शब्द लोकांनी निमूट स्वीकारले.

उच्चारांची गोष्ट गमतीची आहे. ‘शुद्ध’ जर्मन हानोव्हरची, असा लौकिक. पण तो भाग मुळात निम्न जर्मनचा. तिथल्या लोकांनी प्रमाणभाषा जवळजवळ परभाषेसारखी पुस्तकातून उचलली आणि लिहिले तसे उच्चारले. टेओडोर झीब्सने १८९८ मध्ये रंगभूमीसाठी उच्चारांचे नियम छापले, त्यांचा कलही उत्तरेकडेच होता. शुद्धलेखन १९०१ च्या बर्लिन परिषदेत एकसारखे झाले. १९९६ च्या सुधारणेवरून मात्र इतका वाद पेटला की २००६ मध्ये काही नियम मागे घ्यावे लागले.

ऑस्ट्रिया १९९५ मध्ये युरोपीय संघात गेला तो खाद्यपदार्थांची आपली २३ नावे करारात नोंदवूनच. बटाट्याचा ‘एर्डएप्फेल’ त्यांतलाच. स्वित्झर्लंडमध्ये सुशिक्षितही घरीदारी बोलीच बोलतात. पश्चिम जर्मनीत तुर्कस्तानशी झालेल्या १९६१ च्या करारानंतर तुर्की कामगार आले. बर्लिनच्या बहुभाषिक वस्त्यांतल्या तरुणांच्या बोलण्यात ‘स्टेशनवर जातो’ म्हणताना शब्दयोगी अव्यय गळते. शाळामास्तर त्याला चूक म्हणतात, भाषाशास्त्रज्ञांपैकी अनेक जण नवी बोली.